ओळंब्यात न बसणारा पाय

गवंड्याचा ओळंबा बैलाच्या कुल्ल्याच्या हाडाच्या टोकापासून खाली सोडायचा. पाय नीट असेल तर दोरी मागच्या पायाच्या मधल्या, टोकदार सांध्याला टेकते आणि नळीच्या हाडाला लागून सरळ खाली उतरते. मेहकर तालुक्यातल्या एका गोठ्यात आम्ही एका गोऱ्ह्याला ओळंबा धरला तेव्हा दोरी सांध्याला टेकली, पण तिथून खाली पाय पुढे निघून गेला होता. खूर पोटाखाली, दोरी मागे हवेत. दोन्ही पाय विळ्यासारखे वाकलेले.

गोऱ्ह्याचं बाकी अंग मात्र नजर ठरेल असं. छाती खोल, पाठ सरळ, वशिंड घट्ट, कपाळ रुंद, शिंगं एकसारखी. वऱ्हाडातल्या जुन्या गॅझेटिअरांत खामगावी आणि उमरडा अशी इथल्या गुरांची नावं सापडतात; हा त्यातल्या उमरड्याच्या अंगानं गेलेला, आटोपशीर गावरान गोऱ्हा. चार दाती, म्हणजे वय तीनच्या आसपास. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीच्या साथीमुळे राज्यभर गुरांचे बाजार आणि प्रदर्शनं बंद झाली तेव्हा हा वासरू होता. रोज कडुलिंबाचा धूर करून, माशा वारून त्याच्या मालकानं, आबांनी, त्याला त्यातून काढला. बुलडाणा, अकोला, जळगाव या पट्ट्यात त्या साथीनं किती दावणी रिकाम्या केल्या हे ज्यांनी पाहिलं, त्यांना आबांचा या जनावरावरचा जीव समजावून सांगावा लागत नाही.

तालुक्याच्या पशुप्रदर्शनात त्याला उतरवायचं आबांनी ठरवलं तेव्हा घरातूनच विरोध झाला. वाकडा पाय चार लोकांत कशाला न्यायचा? आबांचं उत्तर तयार होतं. "चांगलं हाये ते लोकायले दिसू द्या, वाकडं हाये तेही दिसू द्या. लपवून काय कराचं? चिखलात तो पाय सोताच सांगते." त्यांचं हे म्हणणं मला पटलं आणि मी या तयारीत सामील झालो.

पहिलं काम खुरांचं. पायाला असा बाक असला की भार टाचेवर जातो. टाच झिजते, पुढची टोकं न झिजता वाढत राहतात, आणि वाढलेली टोकं पायाला आणखी पुढे ढकलतात. हाड बदलता येत नाही, पण हे चक्र तोडता येतं. तीन-चार दिवस सकाळी गोऱ्ह्याला ओल्या मातीत उभं केलं, म्हणजे खूर मऊ होतात. मग सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर पसरून, अंगाभोवती दोर घेऊन त्याला हळूच आडवा केला. नालबंदानं फक्त टोकं छाटली, कानशीनं कड सारखी केली आणि टाचेला हात लावला नाही. टाच आधीच कमी. तीही तासली असती तर बाक वाढला असता. तळवा गुलाबी दिसू लागला की थांबायचं, कारण त्यापुढे जिवंत भाग सुरू होतो. पत्री मारली नाही. नुकत्या छाटलेल्या खुरात खिळा ठोकणं धोक्याचं, आणि प्रदर्शनाचं मैदान मातीचंच होतं. हे सगळं प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी उरकलं. दोन दिवस आधी खूर तासून मैदानात लंगडणारी जनावरं मी पाहिली आहेत, आणि ते पाहवत नाही.

पुन्हा ओळंबा धरला. दोरी अजून मागेच होती, फक्त अंतर बोटभर कमी झालं होतं. आबा म्हणाले, "खुराचं इतकंच. हाडाचं कोनाच्या हाती नाही."

दुसरा प्रश्न खुराकाचा. प्रदर्शन जवळ आलं की ढेप वाढवायची, अंग भरलं की दोष बुजतो, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला. मांड्या भरल्या तर बाक थोडा कमी जाणवतो, हे खरं आहे. पण वाढत्या हाडांच्या जनावरावर चढवलेलं वजन त्याच सांध्यावर उतरतं. सांध्याला सूज आली, पाणी धरलं, तर आयुष्यभराचं दुखणं. म्हणून ज्वारीचा कडबा, तुरीचं कुटार, हिरवा चारा आणि मोजकी सरकी ढेप, एवढंच ठेवलं. रोज खरारा, आणि अंगाला लागणारी चमक त्या खराऱ्यातूनच आली.

प्रदर्शनात पायाला किती मोल, हे जनावर कशासाठी पाळलं यावर ठरतं. अमेरिकेतल्या काउंटी मेळ्यांत शाळकरी मुलं फोर-एच संस्थेतर्फे खच्ची गोऱ्हे वर्षभर सांभाळून रिंगणात आणतात. तिथं जनावर मांसासाठी असतं, त्यामुळे पंच पाठीवरचं मांस आणि चरबी हातानं चाचपतात. पाय बघतात, पण त्या पायांना पुढे फार चालायचं नसतं. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आहे, आणि त्याआधीही शेतकरी बैल घ्यायचा तो आउतासाठी. इथं पंच पायाकडे बघतो तेव्हा पुढच्या दहा-बारा हंगामांकडे बघत असतो. बैलात हा दोष निदान त्याच्यापाशीच थांबतो. वळूमध्ये असता तर तो वासरांत उतरण्याचा धोका होता, आणि मग त्याला मैदानात आणणंच चूक ठरलं असतं. बैल आणि वळू यांच्यातल्या या फरकाबद्दल गावोगाव अजून पुरेसं बोललं जात नाही.

उभं राहायला शिकवणं हे सगळ्यांत चिवट काम निघालं. कासरा धरून रोज संध्याकाळी रस्त्यानं फिरवणं, ट्रॅक्टरच्या आवाजाला आणि भोंग्याला सरावणं, थांब म्हटलं की चारी पाय टेकून थांबणं. जाणकार लोक जनावराचे पुढचे पाय जरा उंचवट्यावर ठेवतात, त्यानं पाठ उठून दिसते. आमच्या गोऱ्ह्याला हे चालत नव्हतं. पुढचं अंग उचललं की भार मागे सरकायचा आणि बाक आणखी वाढायचा. मागचे पाय फार मागे ओढून उभं केलं तर सांधा उघडतो, पाय जवळजवळ सरळ भासतो. पण तसं अवघड उभं राहिल्यानं जनावर थकतं, थरथरतं आणि शेवटी पाय आपल्या जागी आणतंच. आम्ही सपाट जागा निवडली आणि पाय त्याला सोयीचे वाटतील तसे ठेवले. या कामात तयारी आणि फसवणूक यांच्यातली रेघ इथेच पडते. जनावराला सुखानं उभं राहता येईल अशी मदत करणं तयारी, आणि त्याच्या अंगाला खोटं बोलायला लावणं फसवणूक.

साजातही तोच प्रश्न आला. कोणीतरी सांध्यापर्यंत येणारी लांब झूल आणून दिली. पोळ्याला ती शोभली असती. आबांनी ती घडी करून परत केली. नवी मोरकी, धुतलेला कासरा आणि गळ्यात एक घुंगरमाळ. शिंगं साळली नाहीत, रंगवली नाहीत. तेलाचा हात फिरवला.

मैदानात सकाळी पाणी मारलं होतं. कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला आणि लसीकरणाची नोंद तपासून आत सोडलं. पंचांत एक पशुधन विकास अधिकारी होते. त्यांनी आधी दात पाहिले, वशिंडावर हात ठेवला, पाठीवरून बोटं नेली आणि बराच वेळ समाधानानं मान हलवली. मग मागे गेले. त्यांनी काही विचारायच्या आत आबांनीच सांगितलं, "साहेब, मागचे दोन्ही पाय वाकडे हायेत. पाहून घ्या."

त्यांनी खाली बसून सांधे चाचपले. ते गरम लागत नव्हते, सूज नव्हती. मग चालवायला सांगितलं. ओल्या मातीत ठसे स्पष्ट उमटले. चांगल्या बैलाचं मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशात किंवा त्याच्या अगदी जवळ पडतं. याचं त्या ठशापासून चार बोटं हटून पडत होतं. दोष किती आणि कुठे, हे त्या ठशांत कोणालाही मोजता आलं असतं. पहिला क्रमांक सरळ पायाच्या एका खिल्लारी बैलाला गेला, आणि तो योग्यच गेला. आमच्या गोऱ्ह्याला क्रमांक नव्हता. खूर चांगले राखलेत, असं पंच आवर्जून म्हणाले. आणखी एक सांगितलं, आणि माझ्या लेखी तेच त्या दिवसाचं मोल. हे जनावर ओढीच्या कामापेक्षा उताराच्या कामात जास्त जपा.

घाटावर राहणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो. भरलेली बंडी उतारानं खाली येते तेव्हा मागचे पाय पोटाखाली घेऊन बैल तिला अडवून धरतो. वाकलेल्या सांध्यावर सगळ्यांत वाईट भार तेव्हाच पडतो. डवऱ्याला, म्हणजे पिकातल्या कोळपणीला, तसं नसतं. ओळीतून सपाट चालायचं, ओढ हलकी.

मैदानाबाहेर एका हेड्यानं, गुरांच्या दलालानं, आबांचा हात रुमालाखाली घेतला. बोटं दाबली गेली, सुटली, पुन्हा दाबली. आबांनी त्यालाही पाय दाखवला. भाव खाली आला आणि आबांनी हात काढून घेतला.

पुढच्या खरिपात गोऱ्हा डवऱ्याला लागणार आहे, शांत चालीच्या म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला. बंडी जुन्या जोडीकडेच राहील. आणि दर तीन महिन्यांनी खुरांची टोकं छाटायला नालबंदाला बोलवायचं, हे आबांच्या मुलानं गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहून ठेवलं आहे.