हँडहेल्ड गेमिंग संगणक

हँडहेल्ड गेमिंग संगणक हा दोन्ही हातांत धरून वापरता येईल अशा आकाराचा वैयक्तिक संगणक होय. पडदा, खेळ नियंत्रित करणारी बटणे व जॉयस्टिक, प्रोसेसर आणि बॅटरी हे सर्व भाग त्यात एकाच आवरणात बसवलेले असतात. दिसण्यात तो निन्टेंडो स्विचसारख्या गेमिंग कन्सोलशी मिळताजुळता असला, तरी दोहोंत मूलभूत फरक आहे. कन्सोलवर त्या यंत्रासाठीच तयार केलेले खेळ चालतात आणि ते चालतील याची जबाबदारी निर्मात्याकडे असते. हँडहेल्ड संगणकावर मात्र सर्वसाधारण संगणकासाठी तयार झालेले खेळ चालवले जातात. त्यामुळे एखादा खेळ चालेल की नाही, हे यंत्राची क्षमता, संचालन प्रणाली आणि खेळाचा प्रकाशक या तिन्हींवर अवलंबून राहते. खरेदीपूर्वी विचारल्या जाणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे मूळ याच फरकात आहे.

पार्श्वभूमी

चीनमधील जीपीडी या कंपनीचा जीपीडी विन हा २०१६ साली आलेला छोटा संगणक या प्रकारातील सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक होता. या प्रकाराला व्यापक प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेतील व्हॉल्व्ह कॉर्पोरेशनच्या स्टीम डेकमुळे. स्टीम डेकची घोषणा १५ जुलै २०२१ रोजी झाली आणि फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस ते ग्राहकांना मिळू लागले. त्याच्या सर्वांत स्वस्त प्रकाराची किंमत ३९९ अमेरिकी डॉलर होती. २०२३ मध्ये असूस कंपनीचा आरओजी अ‍ॅलाय व लेनोव्होचा लीजन गो, तर २०२४ मध्ये एमएसआय कंपनीचा क्लॉ बाजारात आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉल्व्हने ओलेड पडदा असलेले सुधारित स्टीम डेक विक्रीस आणले.

खेळांची सुसंगतता

संगणकावरील बहुसंख्य खेळ विंडोज या संचालन प्रणालीसाठी लिहिलेले असतात. स्टीम डेकमध्ये मात्र लिनक्सवर आधारित स्टीमओएस असते. विंडोजसाठीचा खेळ लिनक्सवर चालावा यासाठी व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आणले. वाइन या मुक्त प्रकल्पावर आधारलेले प्रोटॉन खेळाने विंडोजकडे केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपात बदलून देते. व्हॉल्व्ह खेळांची चाचणी घेऊन त्यांचे ‘पडताळलेले’, ‘खेळण्याजोगे’ आणि ‘असमर्थित’ असे वर्गीकरण करते. चाचणी न झालेले खेळ ‘अज्ञात’ या वर्गात राहतात.

हे वर्गीकरण कायमस्वरूपी नसते. अनेक ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांत फसवणूक रोखणारी यंत्रणा असते आणि ती लिनक्सवर चालू द्यायची की नाही हे प्रकाशक ठरवतो. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट हे लोकप्रिय खेळ याच कारणाने स्टीमओएसवर थेट चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्स हा खेळ २०२२ पासून स्टीम डेकवर चालत असे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस प्रकाशकाने लिनक्सवरील प्रवेश बंद केला आणि यंत्रात कोणताही बिघाड नसताना तो खेळ त्यावर खेळता येईनासा झाला. एखाद्याच ऑनलाइन खेळासाठी यंत्र घेणाऱ्यास ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

आरओजी अ‍ॅलाय व लीजन गो ही यंत्रे विंडोज ११ सह आली. त्यांवर अशा खेळांची अडचण कमी येते, पण माऊस व कीबोर्ड गृहीत धरून रचलेली विंडोजची मांडणी लहान पडद्यावर वापरण्यास गैरसोयीची वाटते. स्टीम डेकवरही विंडोज बसवता येते. २०२५ मध्ये लेनोव्होने लीजन गो एस हे यंत्र स्टीमओएससह उपलब्ध केले.

पडद्याचे आकडे

अधिक रेझोल्यूशनचा पडदा नेहमीच अधिक चांगला अनुभव देतो असे नाही. स्टीम डेकच्या १२८० × ८०० पडद्यावर सुमारे १० लाख पिक्सेल असतात. आरओजी अ‍ॅलायच्या १९२० × १०८० पडद्यावर ते सुमारे दुप्पट, तर लीजन गोच्या २५६० × १६०० पडद्यावर चौपट असतात. प्रत्येक चित्रचौकटीसाठी यातील प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवावा लागत असल्याने चित्रप्रक्रियेवरील ताण वाढतो. म्हणून मोठ्या रेझोल्यूशनच्या यंत्रांवरही जड खेळ अनेकदा कमी रेझोल्यूशनवर चालवले जातात.

बॅटरी किती वेळ टिकते

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. या क्षमतेला यंत्राच्या एकूण वीजवापराने भागल्यास वापराचा अंदाजे काळ मिळतो. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. जड खेळात वापर २० वॅट झाला तर ती २ तास, आणि साध्या द्विमितीय खेळात ५ वॅट झाला तर ८ तास पुरते. व्हॉल्व्हने जाहीर केलेला ‘२ ते ८ तास’ हा आकडा याच गणिताशी जुळतो. पहिल्या आरओजी अ‍ॅलायची बॅटरीही ४० वॅट-तासांचीच आहे, पण बॅटरीवर चालताना सर्वाधिक वेगाच्या स्थितीत त्याचा प्रोसेसरच २५ वॅट घेतो. त्यामुळे पडद्याचा वापर न धरताही बॅटरी सुमारे दीड तासात संपते. ओलेड स्टीम डेकमध्ये ५० वॅट-तासांची बॅटरी आहे. चित्रचौकटींची संख्या, पडद्याचा उजेड आणि प्रोसेसरची वीजमर्यादा कमी केल्यास खेळण्याचा काळ वाढतो.

साठवण

सर्वांत स्वस्त स्टीम डेकमध्ये ६४ जीबी साठवण होती. बॉल्डर्स गेट ३ (२०२३) या एकाच खेळासाठी १५० जीबी जागा लागते. मायक्रोएसडी कार्ड वापरून साठवण वाढवता येते, मात्र अशा कार्डावरून मोठे खेळ सुरू होण्यास एसएसडीच्या तुलनेत अधिक वेळ लागू शकतो. अनेक यंत्रांतील एसएसडी बदलता येते, परंतु ती योग्य लांबीची असावी लागते. स्टीम डेक व पहिल्या आरओजी अ‍ॅलायमध्ये ३० मिलिमीटर लांबीची एसएसडी बसते, लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणारी ८० मिलिमीटरची बसत नाही.

इंटरनेट आणि खेळांची मालकी

खेळ विकत घेणे व उतरवून घेणे यासाठी इंटरनेट लागते. त्यानंतर एकट्याने खेळायचे बरेच खेळ स्टीमच्या ऑफलाइन स्थितीत चालतात. स्टीमवर विकत घेतलेले खेळ त्याच खात्यातून घरच्या संगणकावरही खेळता येतात. खरेदीत ग्राहकास मिळतो तो खेळ वापरण्याचा परवाना. ही गोष्ट ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमवर पैसे भरण्यापूर्वी स्पष्टपणे नमूद केली जाते. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेल्या खेळाचे पैसे परत मागता येतात. त्यामुळे शंका असलेला खेळ यंत्रावर चालवून पाहणे शक्य होते.

भारतातील उपलब्धता

स्टीमवर २०१५ पासून भारतीय रुपयांत किमती दिल्या जातात, परंतु स्टीम डेक बाजारात आले तेव्हा व्हॉल्व्हने विक्रीसाठी निवडलेल्या देशांत भारताचा समावेश नव्हता. असे यंत्र परदेशातून आणल्यास किमतीत आयातखर्च मिळवावा लागतो आणि दुरुस्तीसाठी ते मूळ देशात पाठवण्याची वेळ येऊ शकते. आरओजी अ‍ॅलायची भारतातील अधिकृत विक्री जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. जॉयस्टिक व बॅटरी हे भाग वापराने झिजत असल्याने, या यंत्रांच्या बाबतीत देशांतर्गत हमी आणि सुट्या भागांची उपलब्धता यांचे मोल प्रोसेसरच्या वेगाइतकेच असते.