बिनतेलाची बेगमी

डबाबंद राजमा, काबुली चणा किंवा पांढरा घेवडा हा मुळात अगदी साधा पदार्थ आहे. भिजवलेले कडधान्य, पाणी आणि मीठ डब्यात भरायचे, झाकण हवाबंद करायचे आणि दाबाखालच्या वाफेत सुमारे १२१ अंश सेल्सियसला डब्यासकट शिजवायचे. तेल नाही, दूध नाही, तूप नाही. प्राण्यांपासून मिळणारे काहीच न खाणारे, म्हणजे व्हिगन लोक, आणि डॉक्टरांनी तेल-तूप बंद करायला सांगितलेले रुग्ण, अशा दोघांनाही हा डबा सोयीचा पडतो. उघडला, पाणी निथळले, कांदा-लिंबू घातले की जेवण तयार. युरोप-अमेरिकेत तो कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी परिस्थिती उलटी आहे. तूर, हरभरा, सोयाबीन वेशीबाहेरच्या शिवारात पिकते, पण शिजवून डब्यात भरलेले कडधान्य नागपूरच्या मोठ्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवावे लागते, आणि सुक्या धान्याच्या कितीतरी पट महाग पडते. म्हणून इथे खरा शोध डब्याचा नाही. डब्यामुळे जी सोय होते, ती किराण्यातल्या आणि शेतातल्या मालातून कशी मिळवायची, हे पाहायचे आहे.

अन्न हवाबंद करून उकळण्याची युक्ती फ्रान्सच्या निकोला अपेर याने शोधली आणि १८१० मध्ये त्याबद्दल फ्रेंच सरकारचे बक्षीस मिळवले. तो काचेच्या बाटल्या वापरी. त्याच वर्षी पीटर ड्युरँड याने लंडनमध्ये कथलाचा मुलामा दिलेल्या डब्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते याचे कारण मात्र पुढे पन्नासेक वर्षांनी, लुई पाश्चरच्या कामानंतर कळले. कडधान्य आंबट नसते. अशा अन्नात, हवा नसलेल्या जागी, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू वाढू शकतो, आणि त्याचे विष अत्यंत घातक असते. त्याचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. त्यासाठीच १२१ अंशांचे तापमान डब्याच्या मध्यापर्यंत पोचवावे लागते आणि ठरावीक वेळ टिकवावे लागते. लोणच्याप्रमाणे शिजवलेला राजमाही बरणीत भरून झाकण घट्ट लावले की टिकेल, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. घरच्या कुकरच्या भरवशावर हा प्रयोग करू नये. दुकानातून आणलेला डबा फुगलेला, शिवणीत चेपलेला किंवा गळका दिसला तर तो उघडून चव पाहण्याच्याही फंदात पडू नये, तसाच टाकून द्यावा.

‘फॅट-फ्री’ या शब्दाला भारतात कायद्याने ठरलेला अर्थ आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅम घन पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश नसेल तरच तो शब्द पाकिटावर छापता येतो. ‘लो फॅट’ साठी मर्यादा ३ ग्रॅमची आहे. या मापाने पाहिले तर कडधान्यांचे आपोआप गट पडतात. सुक्या मसूर, मूग, राजमा आणि तुरीत १०० ग्रॅमला साधारण एक ते दोन ग्रॅम स्निग्धांश असतो. शिजताना पाणी शोषल्यामुळे हे प्रमाण आणखी उतरते, आणि शिजलेला राजमा किंवा मसूर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येतो. हरभऱ्यात मात्र सुमारे पाच-सहा ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यामुळे बाहेरून तेलाचा थेंबही न घातलेला काबुली चणा ‘लो फॅट’ ठरतो, ‘फॅट-फ्री’ नाही. सोयाबीनच्या दाण्यात जवळपास पाचवा हिस्सा तेल, आणि शेंगदाण्यात जवळपास निम्मे. थोडक्यात, स्निग्धांश अजिबात नाही असे कडधान्यच नसते. वरून घातलेले तेल तेवढे टाळता येते, आणि बहुतेकांना तेवढेच टाळायचे असते.

हे वरून घातलेले तेल लपते ते तयार पाकिटांत. गरम पाण्यात बुडवून खायच्या राजमा, छोले, दाल मखनीच्या पाकिटांमागचे तंत्र भारतात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी विकसित केले. पाकिटातले अन्न डब्याप्रमाणेच दाबाखाली तापवलेले असते, म्हणून परिरक्षकांशिवाय महिनोन् महिने टिकते. तंत्र उत्तमच आहे. पण नागरी बाजारासाठी भरलेल्या भाजीत तेल जवळजवळ नेहमीच असते, आणि दाल मखनीत लोणी किंवा साय. पाकिटाच्या पुढच्या बाजूचा हिरवा ठिपका इथे फसवतो. तो फक्त शाकाहार सांगतो, आणि आपल्या कायद्यात दूध, दही, तूप, मध हे सगळे शाकाहारात बसते. व्हिगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम आले आणि हिरव्या चौकटीतल्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचे वेगळे चिन्हही ठरले. ते अजून थोड्याच मालावर दिसते. त्यामुळे पाकीट उलटून घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. तेल दुसऱ्या-तिसऱ्या जागी असेल तर ते भरपूर आहे असे समजावे. दूध थेट दूध म्हणून येत नाही. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसीन, बटरमिल्क पावडर अशा नावांनी येते. खाली ठळक अक्षरात ‘यात दूध आहे’ अशी ॲलर्जीची सूचना असते, घाईत तेवढी वाचली तरी पुरते. आकडे पाहताना ‘प्रति १०० ग्रॅम’ चा रकाना धरावा. एका वाढीचा आकडा वाढीच्या आकाराप्रमाणे लहान दिसू शकतो.

ज्या जिल्ह्यात समुद्रपूर आहे, त्या जिल्ह्यात दुधाशिवाय कसे जगावे हा विचार व्हिगन हा शब्द जन्मायच्या आधीच चालू होता. तो शब्द इंग्लंडमध्ये १९४४ मध्ये घडला. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. पुढे मोठ्या आजारपणानंतर, गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रत मोडू नये म्हणून, ते शेळीच्या दुधावर आले. १९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या, मोड आलेल्या धान्यावर राहण्याचा प्रयोग केला. तो त्यांच्या पोटाला मानवला नाही, आणि त्यांनी तसे लिहूनही टाकले. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे ठाणे असलेल्या मगनवाडीत १९३५ मध्ये सोयाबीनचे प्रयोग सुरू झाले. गरिबाला दूध परवडत नाही, तर त्याची जागा घेणारे प्रथिन कोणते, हा त्या प्रयोगांमागचा प्रश्न होता. त्या काळी वर्ध्याच्या शेतकऱ्याला सोयाबीन ठाऊक नव्हते. आज खरिपात कापसाच्या जोडीला तेच पीक आहे.

या सोयाबीनमधून कारखान्यात तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरते, त्यापासून सोयावडी बनते. १०० ग्रॅममध्ये साधारण ५० ग्रॅम प्रथिन आणि स्निग्धांश जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम. किराण्याच्या प्रत्येक दुकानात सुटी किंवा पाकिटात मिळते, कोरड्या डब्यात महिनोन् महिने राहते, आणि गरम पाण्यात दहा मिनिटांत फुलते. फुललेली वडी दोनदा पिळून घेतली की तिचा उग्र वास जातो. व्हिगन आणि बिनतेलाचा पदार्थ शोधणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. विदेशी डब्याची सोय आणि गावातला भाव, दोन्ही तिच्यात आहे.

तूरडाळीची गोष्ट जरा वेगळी आहे. अख्ख्या तुरीचे साल दाण्याला डिंकासारखे चिकटलेले असते. ते सुटावे म्हणून डाळ मिलमध्ये दाण्याला ओरखडे पाडून थोडे तेल चोळतात, ढीग मुरू देतात, उन्हात वाळवतात, आणि मग भरडतात. पुढे चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी पुन्हा तेल किंवा पाण्याचा हात फिरवतात. बाजारात तेलकट डाळ आणि कोरडी डाळ असे दोन प्रकार त्यामुळेच दिसतात. घरातही वर्षभराच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवण्याची रीत आहे. ही डाळ थंड पाण्यात टाकली की पाण्यावर तेलाचे इंद्रधनुषी डोळे तरंगतात. कोमट पाण्यात हाताने चोळून ते पाणी ओतून द्यावे. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला डोळे दिसेनासे होतात, आणि बोटांचा निसरडेपणाही जातो. विकत घेतानाच बिनपॉलिशची कोरडी डाळ मागितली तर ही मेहनत वाचते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या छोट्या डाळ मिलमुळे गावातही डाळ तयार होऊ लागली आहे. आपल्या डाळीला काय चोळले आहे, हे तिथे समोरासमोर विचारता येते.

एरंडेल नको तर भुंग्यांचे काय, हा प्रश्न येतोच. कडधान्याचा भुंगा बऱ्याचदा शेतातूनच येतो. शेंगेवर घातलेली अंडी दाण्यासोबत घरात पोचतात, आणि पावसाळ्यात दाण्यांना गोल भोके पडलेली दिसतात. फोडलेल्या डाळीला तो अख्ख्या दाण्याइतका लागत नाही, म्हणून वर्षाची बेगमी डाळीच्या रूपात करणे शहाणपणाचे. अख्खे मूग, बरबटी, हरभरा उन्हाळ्यात कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावर, घट्ट झाकणाच्या कोठीत कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत ठेवावे. विदर्भातले चैत्र-वैशाखाचे ऊन या कामाला पुरेपूर आहे. फ्रीजरमध्ये जागा असेल तर दोन-चार किलोंची पिशवी काही दिवस तिथे ठेवून मग डब्यात भरावी. अंडी-अळ्या मरतात.

डब्याची खरी सोय म्हणजे शिजवलेले कडधान्य हाताशी असणे. ती आठवड्यातून एका दिवसाच्या कामात घरीच मिळते. ४०० ग्रॅमच्या आयात डब्यात पाणी निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम कडधान्य उरते, आणि तेवढे व्हायला १०० ग्रॅम सुके दाणे पुरतात. अर्धा किलो हरभरा एकदा शिजवला म्हणजे पाच डबे झाले. दाणे आठ-दहा तास भिजवावे. उन्हाळ्यात भिजवणाचे पाणी आंबते, म्हणून ते मध्ये एकदा बदलावे किंवा भांडे फ्रीजमध्ये ठेवावे. शिजवताना चिमूटभर मीठ घालावे, कुकरचा दाब आपोआप उतरू द्यावा. दाणा बोटात दाबला की सहज चेपावा, पण साल सुटून लगदा होऊ नये. थंड झाल्यावर पाण्यासकट स्टीलच्या डब्यांत भरले तर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आणि फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने राहते. दिवसाचे काही तास वीज जात असेल तर फ्रीजरवर भिस्त न ठेवता दोन दिवसांपुरतेच शिजवावे. राजम्याची एक ताकीद पाळायलाच हवी. कच्च्या राजम्यातले एक प्रथिन पोटाला विषासारखे बाधते. ते भिजवणाचे पाणी फेकून आणि दाणे खळखळून उकळूनच जाते. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. विकतच्या डब्यातले कडधान्य वापरायचे झाल्यास आधी पाण्याखाली धुवावे. त्यातले मीठ बरेचसे, जवळपास तिसरा हिस्सा, उतरते.

न शिजवता खायचा माल तर विदर्भात पूर्वीपासून आहे. भट्टीवरच्या तापल्या वाळूत भाजलेल्या फुटाण्यांना तेल लागत नाही. पोहे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या यांत स्निग्धांश थोडाच असतो. तेल असते ते चिवड्यात. सातूचे पीठ गूळपाण्यात कालवले तर दुधाची गरज पडत नाही. हिवाळ्यात तुरीचे ओले सोले स्वस्त असतात, ते सोलून फ्रीजरमध्ये टाकले की उन्हाळ्यातही वांग्यात घालता येतात. मूगवड्या आणि वाळवलेली हरभऱ्याची भाजी तेलाशिवायही चालते. वड्या कोरड्या कढईत लालसर भाजून मग रश्श्यात सोडाव्या. झटपट नूडल्स मात्र टाळाव्या. त्या बहुधा तळूनच वाळवलेल्या असतात. तयार उपमा-पोह्यांच्या मिश्रणातही पाम तेल सापडते.

मसाल्यांत तालुक्याचे नशीब चांगले आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच सुमारास शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीलाही. हळकुंडे आणि अख्खी मिरची घेऊन घरी दळली तर मसाल्यात दुसरे काही शिरत नाही. काळा मसाला तेलात भाजून कुटलेला असतो, तो कोरडाच भाजून करता येतो. विकतच्या हिंगात मैदा आणि डिंक असतो, म्हणून गहू वर्ज्य असणाऱ्याने डबीवरची यादी पाहावी.

फोडणीचे काय, असे विचारणारे बरेच असतात. तर्रीची सवय असलेल्या जिभेला ते खटकणारच. कोरड्या जाड कढईत आधी जिरे-मोहरी तडतडू द्यावी, मग बारीक कांदा टाकून सतत हलवावे, आणि तळाला लागू लागला की चमचाभर पाणी शिंपडावे. असे चार-पाच वेळा केले की कांदा तांबूस होतो आणि रश्श्याला गोडसर अंग येते. आंबटपणासाठी टोमॅटो किंवा चिंच घालावी. एक मूठ शिजलेले दाणे ठेचून परत घातले की रस्सा दाट होतो, आणि तेलाची उणीव फारशी जाणवत नाही.

तेल पूर्ण बंद करणे प्रत्येकासाठी योग्य नाही. शरीराला काही स्निग्धाम्ले बाहेरूनच मिळावी लागतात. लहान मुलांच्या वाढीला स्निग्धांश हवाच असतो, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा पित्ताशयाच्या त्रासामुळे तेल वर्ज्य सांगितले आहे, त्यांनी किती दिवस आणि किती, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. आणि दूध, दही, अंडी सगळेच सोडणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीवनसत्त्व बी-१२ कोणत्याही डाळीत, कडधान्यात किंवा भाजीत पुरेसे मिळत नाही. त्यासाठी गोळी किंवा ते मुद्दाम मिसळलेले अन्न घ्यावेच लागते.