क्लोरोक्वीन विषबाधा, बालकांतील

हिवतापावरील क्लोरोक्वीन या औषधाच्या गोळ्या लहान मुलाने अजाणता गिळल्याने होणारी तीव्र विषबाधा. हाती येईल ती वस्तू तोंडात घालण्याच्या वयातील, म्हणजे साधारणतः एक ते पाच वर्षांच्या बालकांत तिचा धोका सर्वाधिक असतो. या औषधाची उपचारी मात्रा व घातक मात्रा यांत अंतर थोडे असल्याने दोन-तीन गोळ्याही प्राणघातक ठरू शकतात.

क्लोरोक्वीन १९३४ मध्ये जर्मनीत हान्स आन्डरझाख यांनी प्रथम तयार केले व दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा जगभर प्रसार झाला. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीत प्रतिरोध निर्माण झाल्याने त्याचा वापर मर्यादित झाला. तथापि भारतात व्हायव्हॅक्स हिवतापावर ते अद्याप देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे त्याच्याशी निकटचे औषध संधिवाताभ संधिशोथात दीर्घकाळ घ्यावे लागते. त्याच्या अतिमात्रेचे परिणामही असेच असतात.

नेहमीच्या २५० मिग्रॅ. क्लोरोक्वीन फॉस्फेटाच्या गोळीत सु. १५० मिग्रॅ. क्षारक असते. प्रौढ रुग्णास तीन दिवसांत अशा १० गोळ्या देतात. बालकास तीन दिवसांत मिळून दर किग्रॅ. वजनामागे २५ मिग्रॅ. क्षारक देतात. १० किग्रॅ. वजनाच्या मुलाने दोन गोळ्या एकदम गिळल्यास ही तीन दिवसांची मात्रा एका वेळीच ओलांडली जाते. तीन वर्षांच्या मुलाचा ०·७५ ते १ ग्रॅ., म्हणजे तीन-चार गोळ्यांनी मृत्यू झाल्याची नोंद आहे.

औषध आतड्यातून जलद शोषले जाते व लक्षणे बहुधा एक ते तीन तासांत दिसू लागतात. उलट्या, गुंगी व दृष्टिदोष यांपाठोपाठ झटके येतात, रक्तदाब घसरतो आणि श्वसन व हृदयक्रिया एकाएकी बंद पडू शकते. हृद्‌स्नायूंच्या कोशिकांत सोडियम आयन शिरण्यास अडथळा झाल्याने हृदयातील संवेग-वहन मंदावते व आकुंचन दुर्बल होते. रक्तातील पोटॅशियम कोशिकांत शिरल्याने त्याचे रक्तातील प्रमाणही घटते.

या विषावर विशिष्ट उतारा नाही. ऊतकांत ते मोठ्या प्रमाणात साठत असल्याने रक्त अपोहनाचाही उपयोग होत नाही. रुग्णालयात श्वासनालात नळी घालून कृत्रिम श्वसन, एपिनेफ्रीन व डायाझेपाम यांचा अवलंब करतात आणि विद्युत् हृल्लेखावर सतत लक्ष ठेवतात. पोटॅशियम जपून द्यावे लागते. लवकर पोहोचलेल्या, शुद्धीवरील मुलास सक्रियित कोळसा देतात. घरी उलटी करविणे मात्र धोक्याचे असते, कारण झटका आल्यास उलटी श्वासमार्गात जाते. एक गोळी गिळल्याचा संशय असला, तरी लक्षणांची वाट न पाहता मुलास रुग्णालयात न्यावे आणि गोळ्यांचे वेष्टन बरोबर घ्यावे.

प्रतिबंध हाच खात्रीचा उपाय होय. गोळ्या मूळ वेष्टनात, कुलूपबंद कपाटात ठेवाव्यात. उशाशी, पिशवीत वा खाऊच्या डब्यात ठेवू नयेत. औषधास ‘गोळी-खाऊ’ म्हणून मुलास भुलवू नये. उपचार संपल्यावर उरलेल्या गोळ्या घरात साठवू नयेत.