उद्योजकतेचे शिक्षण व शेतकऱ्याची नवी दृष्टी

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. या भागातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून असून कापूस व तूर ही येथील नेहमीची पिके आहेत. पाऊस हुकला किंवा भाव पडला की वर्षाचा हिशेब कोलमडतो व कर्ज डोक्यावर राहते. अशा शेतकऱ्यास ‘काही नवे करा’ असे सांगणे सोपे आहे. परंतु एकदा पोळलेला मनुष्य नव्या गोष्टीस हात घालण्यास कचरतो, हे स्वाभाविक आहे. हे भय कमी करून नव्या कल्पनेस वाट करून देणे, हे उद्योजकतेच्या शिक्षणाचे खरे कार्य होय.

उद्योगी वृत्ती जन्मजात असते, ती शिकविता येत नाही, असा समज पुष्कळांचा असतो. १९६४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हा समज कसोटीस लावला. आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील लहान व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेत सुमारे दहा दिवसांचे शिक्षण देण्यात आले. पुढील पाहणीत, शिक्षण घेतलेल्यांनी इतरांपेक्षा अधिक नवे उद्योग सुरू केल्याचे दिसून आले. जात किंवा जुन्या समजुती त्यांच्या आड आल्या नाहीत.

अशा शिबिरांत कडी फेकण्याचा एक खेळ घेतात. खुंटीपासून किती अंतरावर उभे राहावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. अगदी जवळून फेकल्यास गुण थोडे मिळतात. फार दुरून फेकल्यास नेम चुकतो. मधले अंतर निवडून प्रत्येक फेकीनंतर ते सुधारणारा पुढे जातो. शेतीतही सारे रान एकाच नव्या पिकाखाली घालणे हा जुगार होय, आणि काहीच न बदलणे यातही धोका आहेच. थोड्या क्षेत्रावर प्रयोग करावा, खर्च व उत्पन्न लिहून ठेवावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

तुरीचे उदाहरण घेऊ. पुष्कळ घरी तूर विकली जाते व डाळ विकत आणली जाते. हिशेब लिहिणाऱ्याच्या हे ध्यानी येते आणि डाळ गावातच का होऊ नये, असा प्रश्न त्यास पडतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावी चालेल अशी लहान डाळ गिरणी तयार केली आहे. तथापि, प्रारंभीच कर्ज काढून गिरणी घेऊ नये. प्रथम दोन-चार क्विंटल तुरीची डाळ दुसऱ्याच्या गिरणीतून भरडून आणावी, लहान पिशव्यांत भरून विकून पाहावी. किती डाळ उतरली, चुनीस काय भाव मिळाला, नागपूर–हैदराबाद महामार्गावर गिऱ्हाईक आहे काय, याची नोंद ठेवावी. गिरणी घ्यावी की नाही, हे त्या नोंदीच सांगतील.

१६ फेब्रुवारी २०१९ रोजी पांढरकवड्यास महिला बचत गटांचा मोठा मेळावा झाला होता. अशा गटांस बचतीची व हिशेबाची सवय असल्याने त्यांच्यापासून आरंभ करणे इष्ट होय. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये ग्रामीण तरुणांस विनामूल्य निवासी शिक्षण मिळते व नंतर दोन वर्षे पाठपुरावा केला जातो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती गरजूंपर्यंत पोहोचवावी आणि शिक्षण घेऊन परतलेल्याच्या पहिल्या लहान प्रयोगाच्या वेळी त्याच्या पाठीशी उभे राहावे.