खच्ची होण्याची भीती



मनोविश्लेषणावर बोलण्याइतके माझे शिक्षण नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. फ्रॉइड वाचणे मला भाग पडले ते एका कामगारामुळे.

त्याची दोन बोटे प्रेसखाली गेली. जखम भरली, भरपाई मिळाली, हलके कामही मिळाले. तरी तो हात खिशातून काढीना. सभेत गरजणारा माणूस मुका झाला आणि घरी पोराला मारू लागला. एकदा म्हणाला, "भाऊ, बोटं दोनच गेली, पण मी पुरता खच्ची झालो."

हा शब्द आपण बैलावरून माणसावर आणला. फ्रॉइडच्या एका मोठ्या सिद्धांताच्या मुळाशी नेमकी हीच कल्पना आहे. 1909 साली त्याने व्हिएन्नातील एका लहान मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. या मुलाला त्याने हान्स म्हटले आहे. घोडा चावेल या धास्तीने हान्स रस्त्यावर जाईना. फ्रॉइडने अर्थ लावला तो असा : मुलाला आईची ओढ आणि त्यापायी बापाशी चढाओढ, म्हणून बाप आपले इंद्रिय कापील ही भीती. तशी धमकी आईनेही एकदा दिली होती. पण बापावर मायाही होती. म्हणून ही भीती नेणिवेत दडली आणि घोड्याच्या रूपाने बाहेर आली. बाप टाळता येत नाही, घोडा टाळता येतो!

दडपलेल्या वासनेतून भीती उपजते, असे फ्रॉइड आधी म्हणे. 1926 साली त्याने ते फिरवले : भीती आधी, दमन मागून.

आक्षेपही आहेत. हान्सने घोडा कोसळताना पाहिला होता. भीतीचे मूळ तिथेच शोधावे, असे वोल्प आणि रॅचमन यांनी 1960 साली मांडले. कलकत्त्यात 1922 साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणारे गिरींद्रशेखर बोस यांनी तर खुद्द फ्रॉइडलाच कळवले की, आपल्याकडील रुग्णांत ही भीती युरोपातल्याइतकी ठळक दिसत नाही.

तेव्हा फ्रॉइडचे सगळेच मी पदरात घेत नाही. पण दोन गोष्टी पटल्या. शरीराचा तुकडा जाणे आणि आपली सत्ता जाणे, हे दोन्ही मन एकाच खात्यावर मांडते. आणि जी भीती बोलता येत नाही, ती भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. कधी घोड्यावर, कधी पोराच्या पाठीवर.

मात्र एक सावधगिरी हवी. "भीती तुमच्या मनात आहे," असे मालकाला म्हणू देऊ नका. प्रेसची भीती खरी आहे. तिला लोखंडी जाळीच हवी. जाळी बसल्यावरही जी भीती उरते, तिला ऐकणारा माणूस हवा.

मी त्या गड्याच्या बोटांचे पैसे मोजून घेतले. त्याला काय वाटते, हे विचारले नाही. आता अपघाताचा अर्ज भरून झाला की मी कागद बाजूला सारतो आणि विचारतो, "झोप लागते का रे?"