जामिनाची वार्ता आधी पोहोचावी

ताडोबाच्या वेशीवरील मोहर्ली हे गाव आमच्या वाचकांस व्याघ्रदर्शनासाठी परिचित आहे. परंतु अंधार पडल्यावर तेथून जंगलातील रस्त्याने एकट्याने निघणे जिवावरचे असते, याचा एक अर्थ पर्यटकाच्या सहसा ध्यानी येत नाही. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध एखाद्या स्त्रीने तेथे फिर्याद दिली, त्याला अटक झाली, आणि जामिनावर सुटून तो सायंकाळी त्याच उंबऱ्यावर उभा राहिला, तर तिने रात्री जावे कोठे?

अशा आरोपींना जामीन देऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. दोष सिद्ध होण्यापूर्वी कोणासही शिक्षा भोगावयास लावणे न्यायाला धरून नाही. सासरच्या छळाविरुद्धचे 498-अ हे कलम 1983 साली दंडविधानात आले. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या 85 व्या कलमाने घेतली. शिक्षा कमाल तीन वर्षांची. अशा गुन्ह्यांत सबळ कारणे नोंदविल्यावाचून सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार खटल्यात बजावले, ते योग्यच होय.

मात्र त्याच न्यायालयाचा 18 मार्च 2021 चा अपर्णा भट खटल्यातील आदेशही तितक्याच निष्ठेने पाळला गेला पाहिजे. स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांत जामीन मंजूर होताच फिर्यादीस तत्काळ कळवावे, आदेशाची प्रत दोन दिवसांत द्यावी, आणि जामिनाच्या अटींनी उभयतांचा संपर्क घडवून आणू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु प्रत दोन दिवसांनी येईल, तर चंद्रपुरात सुटलेला मनुष्य दोन तासांत मोहर्लीस पोहोचेल. म्हणून त्यातील ‘तत्काळ’ हा शब्दच खरा महत्त्वाचा आहे.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा हुकूम देता येतो. संरक्षण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षण अधिकाऱ्याने हा अर्ज जामिनाच्या सुनावणीपूर्वीच दाखल करण्यास त्या स्त्रीला साहाय्य करावे. जामीन होताच ठाण्याने तिला दूरध्वनी करावा, पोलीस पाटलाने जातीने तिच्या घरी जावे, आणि तशी नोंद व्हावी. यास नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. आरोपीचे स्वातंत्र्य न्यायालय जपते. फिर्यादी स्त्रीचा जीव जपण्याचे कर्तव्य शासनाने पार पाडलेच पाहिजे.