पाहुण्याला वाशीम दाखविताना

परगावचा पाहुणा चार दिवस राहावयास आला म्हणजे त्याला कोठे न्यावे, हा प्रश्न आम्हां जऊळकेकरांच्या घरी निघतोच. उत्तर बहुधा ठरलेले असते : लोणारचे सरोवर, नाही तर शेगाव. वाशीमचे नाव क्वचितच निघते. वाशीम म्हणजे कचेरी, बाजार आणि दवाखाना, अशी आपली समजूत झालेली आहे. अकोला-पूर्णा मार्गावरील गाडी धरावी, काम उरकावे आणि दिवेलागणीला परत यावे, एवढाच आपला त्या गावाशी व्यवहार.

इटलीत राव्हेन्ना नावाचे एक गाव आहे. भोवतालच्या दलदलीमुळे वेढा घालण्यास अवघड, म्हणून पाश्चात्त्य रोमन साम्राज्याची राजधानी इ. स. ४०२ साली तेथे नेण्यात आली. ४७६ साली ते साम्राज्य मोडले. परंतु त्या काळची रंगीत दगडकाचांची भित्तिचित्रे तेथील मंदिरांत अजून झळकतात. तेथल्या वाटाड्याला फारसे बोलावे लागत नाही. दार उघडून दिले की भिंतीच बोलतात.

त्याच पाचव्या शतकात आपले वाशीमही राजधानीच होते. तेव्हाचे त्याचे नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटक राजा पहिला प्रवरसेन याच्या सर्वसेन नावाच्या पुत्राने येथे स्वतंत्र शाखा स्थापिली. तिच्यातील शेवटचा बलाढ्य राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. तेव्हा वत्सगुल्माचे वैभव पाहावयाचे तर अजिंठ्याला जावे लागते. वाशीमच्या भिंती मुक्या आहेत. येथे वाटाड्यालाच बोलावे लागते. आम्हांला पाहुणा फिरवावयाचा झाला, तर आम्ही दिवस असा आखू.

सकाळी प्रथम पद्मतीर्थ. वत्स ऋषींच्या तपाने प्रसन्न होऊन देव त्यांच्या आश्रमाभोवती समूहाने वसले, म्हणून हे वत्सगुल्म, अशी स्थळपुराणाची कथा. या क्षेत्री एकशे आठ तीर्थे सांगतात. त्यांतील विष्णूने निर्माण केलेले ते पद्मतीर्थ. पायरीवर बसून पाहुण्याला ही कथा सांगावी आणि मग पुढे चालावे.

तेथून बालाजीचे मंदिर. साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी ते इ. स. १७७९ च्या सुमारास बांधविले. औरंगजेबाच्या काळात मूर्ती जमिनीत पुरून ठेविल्या होत्या, त्या पुढे सापडल्या, अशी परंपरा आहे. जवळचा देवतलावही भवानी काळूंचाच. देवाला मंदिर आणि गावाला पाणी, ही जोडी पाहुण्याच्या नजरेस आणून द्यावी.

दुपारनंतर मध्यमेश्वर. लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूकडे जाणारी एक मध्यरेषा प्राचीन ज्योतिषी कल्पीत असत. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराच्या ग्रंथात त्या रेषेवरील स्थानांत वत्सगुल्माचे नाव येते. आजच्या मोजणीने वाशीम उज्जैनच्या पूर्वेस सुमारे सव्वा अंश भरते, हेही पाहुण्याला सांगावे. त्याने गावाचा मान कमी होत नाही. पंचांगकर्त्यांनी ज्या गावाची नोंद घेतली, ते गाव त्या काळी किती प्रसिद्ध असेल, एवढे त्यावरून कळते.

संध्याकाळी मात्र एखाद्या झाडाखाली बसून दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली ताम्रपटाची. १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. राजाची वंशावळ संस्कृतात, आणि दानाचा व्यवहार प्राकृतात! दान वत्सगुल्माहून दिलेले. या पत्र्यांमुळेच वाकाटकांच्या वाशीम शाखेचा उलगडा संशोधकांना झाला. दुसरी गोष्ट राजशेखराची. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी त्याने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तीत सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून देशोदेशी हिंडतो. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरीने निर्मिलेली साहित्यविद्यावधू त्याच्या मागोमाग जाते, आणि दोघांचा विवाह होतो तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. साऱ्या भारतवर्षातून त्या कवीने या लग्नाला गाव निवडले ते आपले!

आता यात गोम अशी की, या दिवसातले निम्मे प्रेक्षणीय डोळ्यांना दिसतच नाही. ते सांगणाऱ्याच्या मुखात असते. राव्हेन्नाची चित्रे एक पिढी गप्प राहिली तरी भिंतीवर टिकतील. आपल्याकडे कुंडाचे नाव सांगणारा गेला, की कुंडाचा खड्डा होतो; आणि बिननावाचा खड्डा बुजविताना कोणाचाही हात अडखळत नाही. एकशे आठ तीर्थांपैकी किती तीर्थे नावानिशी दाखविता येतील, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा.

यासाठी पुराणवस्तू खात्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेतील मुलांनी एका सुट्टीत पेठेपेठेतून वडीलधाऱ्यांना विचारावे, नाव, जागा आणि कथा वहीत उतरवावी, नकाशावर खूण करावी. जऊळक्यातही प्रत्येक पाराला, विहिरीला काही नाव आहेच. आरंभ तेथून केला तरी चालेल. पुढच्या वेळी पाहुणा आला म्हणजे त्याला लोणारला अवश्य न्यावे; पण त्याआधी एक दिवस वाशीमसाठी राखून ठेवावा, आणि सोबत घरातले एखादे मूल घ्यावे. पाहुणा ऐकून जाईल. मूल ऐकून येथेच राहील.